मदत हवी आहे : पळसाच्या फोटोला २५० एमएम लेन्स सरस, कपाशीला ५० एमएम. मागचं धूसर होण्याचा हिशेब नेमका काय?

नमस्कार मंडळी,

पंधरा दिवसांपासून एका गोष्टीवर अडून बसले आहे, जाणकारांनी मदत करावी. मी अमळनेर तालुक्यातली. कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स तीन : कॅमेऱ्यासोबत आलेली किटमधली १८-५५, झूम ५५-२५० आणि मागच्या दिवाळीत घेतलेली ५० एमएम एफ १.८ (एमएम जेवढे जास्त तेवढं लांबचं मोठं दिसतं, एफचा आकडा जेवढा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते). काढते ते फक्त फुलांचे फोटो. ५० घेताना दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "ताई, एफचा आकडा जेवढा लहान तेवढं मागचं धूसर, बाकी काही बघूच नका." मी तेच धरून चालले होते.

फाल्गुनात रावेरहून पालला जाताना रस्त्याकडेला पळस लागला. अंगावर एक पान नाही, नुसती फुलं. खालच्या फांदीवरचा एक घोस धरला, मागे बरंच लांब सातपुड्याच्या पायथ्याची झाडं. ५० वर एफ १.८ ला झाडं धूसर आली, पण झाडं आहेत हे कळत होतं. २५० वर एफ ५.६ ला मात्र मागे एकच मातकट पिवळा रंग उरला आणि त्यावर फुलाच्या देठाकडची ती काळी मखमली वाटी अशी काही उठून आली की बघत राहावं. तेव्हा वाटलं, ५० वर माझंच काहीतरी चुकलं.

आता घरच्या कपाशीला पाते-फुलं लागलीत. सकाळी दुधाळ उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं, म्हणून एकाच सकाळी एकाच फुलावर तिन्ही लेन्स लावून पाहिल्या. फूल दर वेळी तेवढंच मोठं दिसावं म्हणून मागेपुढे सरकत फ्रेमची रुंदी साधारण १५ सेंटिमीटर ठेवली. ५० ला फुलापासून सव्वा फुटावर यावं लागलं, २५० ला सहा फुटांवर. ओणव्याने इतका वेळ गेला की निंदायला आलेल्या काकूंनी विचारलंच, "काय करी ऱ्हायनी वं माय?"

फुलामागे फूटभरावर दुसऱ्या झाडाची पानं होती. निकाल पळसाच्या नेमका उलटा! ५० ला पानं विरघळून गेली, २५० ला पानांच्या कडा आणि जाड शिरा ओळखू येतात. किट लेन्स दोन्हीकडे मागेच.

आणखी दोन अडचणी. ५० वर एफ १.८ ला पुढच्या पाकळीची कड स्वच्छ येते, पण फुलातला परागाचा दांडा धूसर होतो. आणि मागच्या दवाचे ठिपके फ्रेमच्या मध्यभागी गोल दिसतात, कडेला बदामासारखे चपटे. लेन्स सदोष आहे का?

पुढच्या आठवड्यात तोरणमाळला कळलावीच्या फुलांसाठी जाते आहे. १०० एमएम एफ २.८ मॅक्रोसाठी (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपायची लेन्स) पैसे साठवते आहे, पण आधी हे समजून घ्यायचंय. कृपया "दोन्ही लेन्स चांगल्या" असं मोघम सांगू नका.

प्रतिसाद १

ताई, तुमची चाचणी अगदी बरोबर आहे आणि लेन्सही ठीक आहे. दुकानदाराने अर्धंच सांगितलं.

एमएमला एफच्या आकड्याने भागा, म्हणजे प्रकाश आत येण्याची वाट किती रुंद आहे ते कळतं. ५० भागिले १.८ म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर. २५० भागिले ५.६ म्हणजे जवळपास ४५. किट लेन्स ५५ वर जेमतेम १०, म्हणून ती कुठेच टिकली नाही. फूल फ्रेममध्ये सारखंच मोठं ठेवलं आणि मागचं खूप लांब असलं, तर ही रुंदी ज्याची जास्त तो जिंकतो. म्हणून पळसाला २५० चा धूसरपणा जवळजवळ दीडपट. शिवाय २५० मागच्या देखाव्याचा अगदी छोटा तुकडा फ्रेमभर ताणते, त्यामुळे झाडाचा आकारच उरत नाही.

मागचं जवळ असलं की गणित फिरतं, कारण मग फुलापासून कॅमेरा किती लांब हेही मोजावं लागतं. सव्वा फुटावरून पाहणाऱ्याला फूटभर मागचं पान जवळपास दुप्पट अंतरावर, सहा फुटांवरून पाहणाऱ्याला ते फुलाला चिकटल्यासारखंच. तुमच्या १५ सेंटिमीटरच्या फ्रेमला मी आकडे मांडून बघितले : मागचं दोन मीटरच्या आत असेल तर ५० सरस, त्यापलीकडे २५०. फूटभरावर ५० चा धूसरपणा दुप्पट निघतो, तुम्हाला दिसला तसाच.

परागाच्या दांड्याचं कारण वेगळं. या फ्रेमला एफ १.८ वर जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीचा भाग स्वच्छ येतो, आणि कपाशीचं फूल पेल्यासारखं खोल. एफ ५.६ वर सेंटिमीटरभर मिळतो. म्हणून ५० जिंकली तरी तो फोटो मी ठेवला नसता. बदामी ठिपके लेन्सच्या नळीच्या कडेने तिरपा प्रकाश कापला गेल्यामुळे येतात, एफ २.८ वर बरेच गोल होतील.

कपाशीला २५० लावून ओळीला आडवं न बसता दोन ओळींच्या मधून, ओळीच्या लांबीने बघा, म्हणजे फुलामागचं लांब जाईल.

प्रतिसाद २

मॅक्रोची घाई नको. १०० एमएम एफ २.८ ची रुंदी ३६ च्या आसपास, म्हणजे लांबच्या धूसरपणात तुमच्या २५० पेक्षा कमीच. मॅक्रो घ्यायची ती परागकण, मुंग्या टिपायला. कळलावी वेल आहे, कुंपणावर चढते, मागे काटक्यांची जाळी असते आणि धूसर काटक्या दुहेरी रेघांसारख्या फार खुपतात. उतारावर खालच्या बाजूला बसा, फूल आभाळावर घ्या, किंवा वरच्या बाजूला बसून दरीतल्या धुक्यावर. काटक्या बाजूला करताना वेल ओढू नका. ती अंगभर विषारी आहे, कंद तर फारच, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

धागाकर्ती

दोघांही दादांचे मनापासून आभार. आज सकाळी सातलाच शेतात गेले. दोन ओळींच्या मधे पोतं अंथरून आडवी झाले, २५० लावली, एफ ५.६. मागे पार बांधापर्यंत मोकळं. पानांच्या शिरा गेल्या, सगळा मऊ हिरवा पडदा झाला आणि परागाचा दांडाही टोकापर्यंत स्वच्छ आला. तेच फूल ५० वर एफ २.८ ला घेतलं, कडेचे ठिपके खरंच गोल झाले.

आता एकच विचारते. वाऱ्याने फूल हलतं तेव्हा २५० वर शटर किती ठेवता? सेकंदाच्या पाचशेव्या भागावरही माझे दहातले चार फोटो हललेले आहेत, आणि तोरणमाळला वारा याहून जास्त असणार.