कपकेक वॉर्स: हजार कपकेकची फेरी हीच खरी परीक्षा?

खमंग_चौकोन

अमेरिकेतल्या फूड नेटवर्क या वाहिनीवर २०१० च्या सुमारास ‘कपकेक वॉर्स’ ही कपकेक (कागदी वाटीत भाजलेले छोटे केक) करण्याची स्पर्धा सुरू झाली आणि काही वर्षं तिथल्या बेकरीवाल्यांना तिने चांगलंच वेड लावलं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार व्यावसायिक बेकर, तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत ४५ मिनिटांत एक प्रकारचा कपकेक, तोही दिलेल्या विषयाला धरून, बहुतेक वेळा विचित्र जिन्नस वापरून. परीक्षण फक्त चवीवर. दुसरीत ७५ मिनिटांत तीन प्रकार, चव आणि रूप दोन्ही. प्रत्येक फेरीत एकाची गच्छंती. उरलेल्या दोघांना तिसऱ्या फेरीत दोन तासांत एक हजार कपकेक करून ते सजवलेल्या स्टँडवर मांडायचे. त्यासाठी चार जादा मदतनीस आणि एक सुतार मिळायचा. जिंकणाऱ्याला १०,००० डॉलर, शिवाय एखाद्या मोठ्या समारंभात आपले कपकेक ठेवायची संधी.

माझं म्हणणं सरळ आहे. लोक पहिल्या फेरीवर फिदा असतात, कारण मिरची, मासळी, चीज असं काहीबाही कपकेकमध्ये घालताना बघायला मजा येते. पण ती फेरी म्हणजे निव्वळ करमणूक. बेकर म्हणून तुम्ही काय आहात ते तिसऱ्या फेरीतच दिसतं. बारा कपकेक कुणीही सुंदर करेल. हजारावा कपकेक पहिल्यासारखा निघाला पाहिजे, ही खरी कसोटी. लग्नाच्या आचाऱ्याला आपण ओळखतो ते पाचशे पानांच्या पंगतीत शेवटच्या पानावर पडलेल्या मसालेभातावरून. चाखायला दिलेल्या वाटीवरून नाही.

सगळे गुण तिसऱ्या फेरीला द्यावेत असं मी म्हणत नाही. पण निकाल तिथेच लागतो हे योग्य आहे, एवढंच.

ओव्हनवाली

अजिबात पटलं नाही. मी घरून ऑर्डरी घेते, सांगलीला, त्यामुळे थोडं बोलण्याचा हक्क आहे असं धरते.

तिसऱ्या फेरीत चार जण तुमच्या हाताखाली, मांडणीला सुतार. मग परीक्षा कुणाची? बॅटर (केकचं कच्चं मिश्रण) कुणी घोटलं, पायपिंग (पिशवीतून क्रीम पिळून सजावट) कुणी केलं, काय ठाऊक. कपकेकची चव ठरते ती मोजमापात आणि घोटण्यात. साखर आणि लोणी किती फेसायचं, मैदा घातल्यावर हात कधी थांबवायचा. हे सगळं पहिल्या फेरीत एकट्याच्या, फार तर एका मदतनिसाच्या जिवावर होतं. तिथे लपायला जागा नाही. तुमच्या पाचशे पानांच्या आचाऱ्याकडेही दहा माणसं असतात, पण मीठ तो स्वतः घालतो. इथे मीठ कोण घालतंय ते दिसतच नाही.

आणि स्टँड सुंदर बांधला म्हणून बेकर जिंकावा, हे मला कधीच कळलं नाही.

तिरकस

एवढ्याशा केकसाठी ‘वॉर’. अमेरिकेला कुठेतरी युद्ध चालू ठेवल्याशिवाय करमत नाही बहुतेक.

पाव_बटर

तिरकसराव, येऊ द्या अजून. :)

मी हॉटेलच्या बेकरी विभागात बरीच वर्षं काढली आहेत. दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं आहे, पण हजारचा हिशेब कुणी मांडला नाही, तो मांडतो.

एका कपकेकला साधारण ४० ते ४५ ग्रॅम बॅटर धरा. म्हणजे हजाराला ४० किलोच्या वर. फ्रॉस्टिंग, म्हणजे वरचं गोड क्रीम, ३० ग्रॅम धरलं तर ते आणखी ३० किलो. २४ च्या ट्रे घेतल्या तर ४२ ट्रे. बेकिंगला वीस-बावीस मिनिटं, पण ती एकदाच नाही, ओव्हनमध्ये जेवढ्या ट्रे मावतील तेवढ्या खेपा. त्यानंतरचा खरा शत्रू म्हणजे गरम स्पंज. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास पातळ होतं. कपकेक आतून कोमट असताना बटरक्रीम (लोण्याचं फ्रॉस्टिंग) चढवलं की पाच मिनिटांत ते घसरून खालच्या कागदी वाटीवर येतं. म्हणजे थंड करायला वेळ हवाच, झटपट गार करणारं यंत्र असलं तरी. आता फ्रॉस्टिंगला समजा ४० मिनिटं उरली आणि हाताशी सहा जण आहेत. माणशी १६७ कपकेक. दर १४-१५ सेकंदांना एक, न थांबता, नॉझल न तुंबता, मनगट न दुखता.

घरच्या ओव्हनवर हे कळत नाही. वीस जणांच्या वाढदिवसाला कपकेक करणं आणि हे करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरी गोष्ट मिक्सरची. कृती दहापट केली की घोटण्याचा वेळ तसाच राहत नाही. मोठ्या भांड्यात खालचा मैदा कोरडा राहतो म्हणून माणूस आणखी फिरवतो, ग्लूटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) ताणलं जातं, कपकेक चिवट आणि वर टोक आलेला निघतो. शिवाय सोडा घातलेलं बॅटर ट्रेमध्ये उभं राहिलं की त्यातला वायू निघून जातो. शेवटच्या खेपेचा कपकेक बसका निघतो तो यामुळे. ज्याला हे आधीच ठाऊक असतं तो बॅटर टप्प्याटप्प्याने कालवतो. हे ज्ञान पहिल्या फेरीत दिसूच शकत नाही.

ओव्हनवाली

पाव_बटर, हिशेब मान्य. पण तुम्ही जे सांगताय ते कारखाना चालवण्याचं कौशल्य आहे. ते मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. मग स्पर्धेचं नाव ‘उत्तम पर्यवेक्षक’ ठेवा ना!

पाव_बटर

बेकरी म्हणजे पहाटे चारला सुरू होणारा छोटा कारखानाच, ताई. दुकानात रांगेतल्या पहिल्या गिऱ्हाइकाला जे मिळालं ते शेवटच्यालाही मिळालं पाहिजे. स्पर्धक घरचे हौशी नव्हते, दुकानवालेच होते. मग त्यांची परीक्षा दुकानाच्याच कामावर झाली तर काय बिघडलं?

शैलजा_जर्सी

मी इथे न्यू जर्सीत राहते, दोन्ही बाजूंच्या स्पर्धा भरपूर पाहिल्या आहेत. मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या कार्यक्रमात बेकिंग शोधताय.

ब्रिटनचा ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ बघा, तोही २०१० चाच. रोख बक्षीस शून्य. जिंकणाऱ्याला नाव कोरलेला केक स्टँड आणि फुलं. स्पर्धक हौशी, आठवडाभर आपापली नोकरी करून शनिवार-रविवारी स्पर्धेच्या तंबूत येणारे. त्यातल्या ‘टेक्निकल’ फेरीत सगळ्यांना एकच पदार्थ, अर्धवट कृती (“बेक करा” एवढंच लिहिलेलं, किती वेळ ते नाही), आणि परीक्षकांना कुठला कुणाचा ते माहीत नसतं. ओव्हनवाली म्हणतेय ती एकट्याची परीक्षा हीच. चमचमीत जिन्नस नाहीत, सुतार नाही. स्पंज फुगला की नाही, एवढाच प्रश्न.

‘कपकेक वॉर्स’मध्ये मात्र जादूगार सूत्रसंचालक (जस्टिन विलमन खरोखर जादूगार आहे), घड्याळ आणि आरडाओरडा. बेकिंग तोंडी लावण्यापुरतं.

खमंग_चौकोन

शैलजाताई, बेक ऑफवरही २०१४ मध्ये तंबूत आइस्क्रीम वितळलं आणि एका गृहस्थांनी आपला बेक्ड अलास्का (आत आइस्क्रीम असलेला केक) थेट कचऱ्याच्या डब्यात टाकला, त्यावर शेकडो तक्रारी गेल्या होत्या. नाटक सगळीकडे असतं. तिथे ते सभ्यपणे इंग्लिश उच्चारात होतं, इतकाच फरक. :)

आणि तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. हौशी माणसाला एकच पदार्थ करायला लावणं बरोबर, कारण त्याला घरी तेवढाच करायचा असतो. दुकानदाराला हजार करायला लावणं बरोबर, कारण त्याचं आयुष्य तेच आहे.

शैलजा_जर्सी

दुकानदार दोन तासांत हजार करत नाही हो. आदल्या रात्री स्पंज करतो, सकाळी सजवतो. दोन तासांची अट दुकानातून आलेली नाही, चॅनेलच्या कचेरीतून आली आहे.

खमंग_चौकोन

हा घाव बसला. वेळ कृत्रिम आहे, मान्य. पण संख्या कृत्रिम नाही.

गोडबोल्या

कुणी परीक्षकांबद्दल बोलत नाहीये. कायमच्या परीक्षकांपैकी कँडेस नेल्सन म्हणजे २००५ मध्ये बेव्हर्ली हिल्सला ‘स्प्रिंकल्स’ काढणारी बाई. त्याआधी ती बँकिंगमध्ये होती. कपकेकचं दुकान चालवणारी बाई इतर कपकेकवाल्यांना गुण देणार? उद्या चितळ्यांना बाकरवडी स्पर्धेचा परीक्षक करा आणि म्हणा निकाल निःपक्षपाती. तिच्या दुकानातली चव ज्याला जमली तो पास, बाकी नापास. माझ्या मते सगळी स्पर्धाच इथे कोलमडते, फेऱ्या कुठल्या का असेनात.

पाव_बटर

अहो, पण मग कपकेक कुणाला कळणार? दुसरा परीक्षक फ्लोरियन बेलांजे फ्रेंच पेस्ट्री शेफ, मॅकरॉनचा (बदामाच्या फ्रेंच बिस्किटांचा) व्यवसाय करणारा. त्याला अमेरिकन गोडपणा सोसत नसे, ते चेहऱ्यावर दिसायचं. तिसरा परीक्षक त्या त्या समारंभाचा पाहुणा. तीन जिभा तीन ठिकाणच्या. याहून बरं कसं करणार?

विनाअंडी_विनादूध

मला पहिल्या फेरीची बाजू घ्यायची आहे, पण ओव्हनवालीपेक्षा वेगळ्या कारणासाठी.

२०१० मध्ये क्लोई कॉस्करेली नावाची शेफ या स्पर्धेत उतरली. अंडी नाहीत, दूध नाही, लोणी नाही. समोर बाकीचे अंडी-लोण्यावर पोसलेले बेकर. आणि ती जिंकली. तोवर तिकडे व्हीगन केक म्हणजे भुसा, असाच समज होता. पहिल्या फेरीत निव्वळ चवीवर तोलतात म्हणून तो समज आड आला नाही. ती फेरी नसती, नुसता हजारांचा देखावा असता, तर तिच्या कपकेकमध्ये विशेष काय हे कुणाला कळलं असतं? पुढे २०१५ मध्ये न्यू यॉर्कला तिच्या नावाने व्हीगन रेस्टॉरंट उघडलं, हे निराळं.

ओव्हनवाली

हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे ऑर्डरींपैकी बहुतेक एगलेसच असतात. जैन, मारवाडी गिऱ्हाइकं तर सोडाच, पण अंडी खाणारी माणसंही “मुंजीला आहे, एगलेसच द्या” म्हणतात. दही आणि सोडा, किंवा व्हिनेगर आणि सोडा, किंवा कन्डेन्स्ड मिल्क. आम्हाला ते रोजचं. त्यांच्याकडे त्याच्यावर स्पर्धा जिंकता येते!

पण एक सांगू? व्हिनेगर आणि सोड्याचं बॅटर भराभर ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. अंड्याचा आधार नसतो, वायू निघून गेला की संपलं. म्हणजे क्लोईला तिसऱ्या फेरीत इतरांपेक्षा जास्त कसरत करावी लागली असणार.

खमंग_चौकोन

म्हणजे तिसरी फेरी अवघड आणि खरी आहे, असं तुम्हीच म्हणताय की ताई. ;)

ओव्हनवाली

अवघड म्हटलं. खरी म्हटलेलं नाही. शंभर किलोमीटर एका पायावर चालणंही अवघड आहे.

तिरकस

या सगळ्या कपकेक-पुराणाचा शेवट ठाऊक आहे ना? न्यू यॉर्कची ‘क्रम्ब्स’ नावाची कपकेकच्या दुकानांची साखळी नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावर गेली होती. जुलै २०१४ मध्ये एका फटक्यात सगळी दुकानं बंद. शेअर बाजारात कपकेक विकला की काय होतं ते बघा. स्पर्धाही त्याच काळात गाशा गुंडाळून बसली. हजार करा नाहीतर दहा हजार, खाणारा कंटाळला की संपलं.

पाव_बटर

दुकानं बंद पडली ती भाडी आणि अवाढव्य विस्तारामुळे. चार-पाच डॉलरच्या एका वस्तूवर मोक्याच्या जागांची भाडी किती काळ निघणार? त्याचा हजारच्या फेरीशी संबंध नाही. उलट एकाच जागी नीट हजार करणारा टिकतो.

आंबटगोड

उशिरा आले. सगळे पहिली की तिसरी करत बसलेत आणि मधली फेरी कुणाला आठवतही नाही. ७५ मिनिटांत तीन प्रकार, चव आणि सजावट दोन्ही, जादा हात नाहीत, सुतार नाही. तीन वेगळी बॅटरं, तीन सारणं, तीन फ्रॉस्टिंग, एकच घड्याळ. पाव_बटर यांचं नियोजनही त्यात आलं, ओव्हनवालीचा हातही आला. बहुतेक भागांत चांगले बेकर इथेच गळतात. कुणी तिन्हींत चॉकलेट घालतं, कुणाचं एक फ्रॉस्टिंग फाटतं, कुणी दोन छान करतं आणि तिसऱ्याला वेळच उरत नाही. माझ्या मते स्पर्धा इथेच संपवायला हवी होती.

ओव्हनवाली

याला माझा पाठिंबा.

पाव_बटर

तीन प्रकार थोडे थोडे करणं आणि एकच प्रकार हजार करणं यातलं दुसरं मला आजही जास्त अवघड वाटतं. पण निकाल दुसऱ्या फेरीत लागला असता तर मी तक्रार केली नसती.

खमंग_चौकोन

मी करेन. दुसऱ्या फेरीत जिंकलेल्याला त्या समारंभात कपकेक ठेवायचे आहेत, आणि तिथे येणारे पाहुणे तिघे परीक्षक नसतात. बक्षीसच मुळी मोठ्या ऑर्डरीचं आहे. ती पेलता येते की नाही हे बघितल्याशिवाय ऑर्डर द्यायची कशी? ओव्हनवालीताई, तुम्ही तरी नव्या मुलीला चाखून बघून लगेच तीनशेची ऑर्डर सोपवाल का?

ओव्हनवाली

नाही सोपवणार. आधी पन्नासची देईन, आणि ती करताना तिच्या शेजारी उभी राहीन. चार मदतनीस दिले तर मग मला त्या चौघांनाही चाखून बघावं लागेल.