प्रश्न ड्राफ्ट करणं म्हणजे खरं काम
वर कुणीतरी म्हटलंय की खासदाराकडे इंटर्न म्हणजे फोन उचलणे आणि झेरॉक्स. फोन उचललेत, नाही म्हणत नाही, बदलीच्या शिफारशीचेच जास्त. पण अधिवेशनाआधी खरी धावपळ असते ती खासदाराने सरकारला विचारायच्या प्रश्नांची. लोकसभेत १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, प्रश्न १५० शब्दांत बसवायचा, आणि इतकं करून नंबर लागणार बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत! दिवसाला तारांकित (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) २० आणि अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) २३०, बस्स. माझा पहिला प्रश्न आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडबद्दल होता, साहेबांच्या पीएंनी वाचून तिथल्या तिथे काट मारली, "अहो हा राज्याचा विषय, तो विधानसभेत विचारा." मग कांदा निर्यातीवर लिहिला, क, ख, ग, घ असे भाग पाडून, तो अतारांकितमध्ये लागला. उत्तर काय तर 'माहिती गोळा करण्यात येत आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' :) तरी छापील यादीत आपण लिहिलेली वाक्यं दिसली की भारी वाटतं, खाली नाव साहेबांचं असलं तरी.