विंडोज २००० सर्व्हर : २५० जीबीची डिस्क १२८ जीबीच दाखवतोय, मदत हवी आहे

शहापूर_प्रेस :
नमस्कार मंडळी. बेळगावात आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, अर्धी मराठी अर्धी कन्नड. जुना सर्व्हर विंडोज २००० वर चालतो. नवा घ्या म्हणू नका, पानं लावायचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टातल्या डाँगलवर (परवान्याची छोटी डबी, ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही) चालतं आणि जुन्या फाँटांतल्या सगळ्या फायली त्यातच उघडतात. गिऱ्हाईक येतं, "थोरलीच्या पत्रिकेसारखीच करा" म्हणतं, की जुनी फाईल शोधायची. त्यामुळं काही पुसता येत नाही.

४० जीबीची डिस्क भरली म्हणून २५० जीबीची आयडीई डिस्क, फक्त डेटासाठी, दुसरी म्हणून जोडली. अजून रिकामीच आहे. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाचा पडदा) २५० दिसते, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये १२८ च्या आतच. दुकानदार म्हणतो डिस्क खराब. ओळखीचा एक पोरगा म्हणतो, त्याच्या विंडोज एक्सपीवर पूर्ण पार्टिशन (डिस्कवर वापरायचा भाग) करून, डेटा भरून आणून लावू. करू का? मशीनवर सर्व्हिस पॅक (विंडोजच्या दुरुस्त्यांचा संच) २ आहे, इंटरनेट नाही. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडं श्वास घ्यायला वेळ नसतो, त्याआधी व्हायला पाहिजे.

निपाणी_नेटवर्क :
अण्णा, पोराला आधी थांबवा. डिस्क चांगली आहे. जुन्या पद्धतीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, पत्ता २८ बिटांचा, म्हणजे ५१२ बाइटच्या सेक्टरांनी १३७ जीबीपर्यंतच मजल. विंडोज त्यालाच १२८ म्हणतं. पूर्ण भरलेली डिस्क तशीच लावली आणि सर्व्हरनं त्या हद्दीपलीकडं लिहायला घेतलं, तर पत्ता फिरून सुरुवातीला येतो आणि तिथलंच पुसून बसतो. वर एररही येईलच असं नाही.

बायोस २५० दाखवतंय म्हणजे अर्धं काम झालंय. आता जुन्या डिस्कची आख्खी इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवा, डाँगलचा ड्रायव्हर रुसला तर परत येता येईल. मग पेनड्राइव्हवरून सर्व्हिस पॅक ४ टाका. मोठी डिस्क ३ पासून चालते, पण थेट ४ बरा.

त्यानंतर रेजएडिट (विंडोजच्या आतल्या नोंदी बदलायचा प्रोग्राम) उघडून इथं जा : एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, एटापी, पॅरामीटर्स. शेवटचा फोल्डर नसेल तर तयार करा. त्यात इनेबलबिगएलबीए नावाची डीवर्ड (आकडा ठेवायची नोंद), किंमत १. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा नको. रीस्टार्ट करा. नवी डिस्क रिकामी आहे, तर तिच्यावर आधीचं पार्टिशन असेल ते उडवून नवं करा.

खानापूरकर :
एक विचारतो, डिस्क मदरबोर्डावरच आहे ना? वेगळ्या कार्डावर, त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर असेल तर या नोंदीचा उपयोग नाही.

शहापूर_प्रेस :
मदरबोर्डावरच, रुंद पट्टीची केबल. निपाणीकर, झालं बघा! डाँगलही चालतोय. पण २३२ च दिसतात, बाकीचे कुठं गेले?

निपाणी_नेटवर्क :
कुठं नाही गेले. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. एवढं मात्र सर्व्हरवर कागद चिकटवून लिहून ठेवा : कधी जुन्या सीडीवरून विंडोज परत टाकायची वेळ आली, तर मोठ्या डिस्कची केबल आधी काढायची. त्या सीडीला ही नोंद माहीत नसते. सर्व्हिस पॅक आणि नोंद दोन्ही झाल्यावरच परत जोडा.

शहापूर_प्रेस :
लिहितो. मराठीत आणि कन्नडात, आमचा ऑपरेटर हुक्केरीचा आहे.