“सिस्टर, जास्त जातंय” – जास्त म्हणजे किती, हे लिहायचं कसं?

शेवंती
उपकेंद्राच्या ओपीडीत आणि शाळेच्या तपासणीत आपण ‘पाळीत जास्त रक्तस्राव’ एवढंच लिहितो. चिठ्ठी पुढे गेली की डॉक्टरांचा पहिला प्रश्न येतो, जास्त म्हणजे किती? ‘रोज पाच पॅड’ लिहून काहीच कळत नाही. गुण देऊन मोजायचा तक्ता आहे, पण तो पॅडसाठी. सुती साडीची घडी वापरणाऱ्या बाईची नोंद कशी घ्यायची? आणि नुकतीच पाळी सुरू झालेली तेरा वर्षांची मुलगी आणि पाळी जायला आलेली पंचेचाळिशीची बाई, दोघींना विचारायचं तेच की वेगळं?

निर्गुडी
शेवंतीताई, ‘किती पॅड लागले’ हा प्रश्नच फसवा आहे. शाळेच्या संडासात पाणी नसलं की मुलगी सकाळचं पॅड संध्याकाळपर्यंत ठेवते, आणि घरात पाकिटं भरपूर असली की कोरडं पॅडही बदललं जातं. म्हणून आकड्याऐवजी काढलेल्या पॅडची अवस्था विचारा. मधोमध डाग होता, अर्ध्याच्या वर भरलं होतं, की काठापर्यंत चिंब होतं?

तुम्ही म्हणता तो हायम यांचा १९९० चा तक्ता. हलकं पॅड १ गुण, मध्यम ५, चिंब २०. लहान गाठ १, मोठी गाठ ५, कपड्यांवर ओघळ आला तर ५. पूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर रक्तस्राव साधारण ८० मिलीच्या पुढे धरतात. एरवी एका पाळीत ३० ते ४० मिली रक्त जातं.

उदाहरण घ्या. पहिल्या दिवशी ३ मध्यम म्हणजे १५. दुसऱ्या दिवशी ४ चिंब आणि १ मध्यम, ८५. तिसऱ्या दिवशी २ चिंब, २ मध्यम, ५०. पुढच्या दोन दिवसांत ५ हलके, ५. बेरीज १५५. पॅड झाले १७, आणि सतरापैकी फक्त सहा पॅडांनी १२० गुण आणले. पॅड नुसते मोजले असते तर हे दिसलंच नसतं.

गाठींसाठी टेबलावर नाणी ठेवा. रुपयाएवढी म्हणजे लहान, दहा रुपयांच्या नाण्याएवढी किंवा त्याहून मोठी म्हणजे मोठी. दहाचं नाणं २७ मिमीचं आहे, आणि अडीच सेंटीमीटरवरची गाठ जास्त रक्तस्रावाची खूण मानतात. ‘गाठी पडतात का’ या प्रश्नाला बहुतेकजणी हो म्हणतात. नाणं पुढे केलं की बोट नेमकं ठेवतात.

कपड्याला मात्र हे गुण लावू नका, तक्ता त्यासाठी तपासलेला नाही. जेल भरलेलं पॅड जास्त शोषतं, तिथेही बेरीज कमी निघते. कपड्याबद्दल शब्दांत लिहा: घडी किती पदरी, किती पदर भिजले, परकराला लागलं का, बदललेली घडी धुताना पाणी किती वेळा लाल आलं. वरचा एकच पदर डागला तर हलकं, दोन-तीन पदर ओले तर मध्यम, खालच्या पदरातून आरपार आलं तर चिंब. ती वापरते तसलाच कपडा घेऊन त्यावर सिरिंजने ५ मिली, मग १५ मिली लाल रंगाचं पाणी टाकून दाखवा. पाणी रक्तापेक्षा भराभर पसरतं, त्यामुळे मिली मोजायला हे उपयोगाचं नाही. ‘चिंब’ म्हटल्यावर तिच्या आणि तुमच्या डोळ्यांसमोर एकच चित्र यावं, एवढ्यासाठीच हे करायचं.

शिवाय चार प्रश्न कायम विचारा. रात्री बदलायला उठावं लागतं का? एकावर एक दोन घ्यावे लागतात का? त्या दिवसांत शाळा किंवा मजुरी बुडते का? आठ दिवसांच्या पुढे जातं का? तक्ता भरता आला नाही तरी चालेल, ही उत्तरं चिठ्ठीत हवीतच.

कण्हेर
मुलींबद्दल. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं बऱ्याच पाळ्यांत बीजच बाहेर पडत नाही. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मिळत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग तुकड्यातुकड्याने सुटतं. त्यामुळे पहिल्या वर्षी २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. अंतर अनियमित असणं वेगळं आणि रक्त जास्त जाणं वेगळं. ‘नवी नवी पाळी आहे, बसेल हळूहळू’ असं म्हणून जास्त रक्त जाणाऱ्या मुलीला परत पाठवू नये. पहिल्याच पाळीपासून धो धो जात असेल तर रक्त गोठण्याचा दोष, विशेषतः व्हॉन विलेब्रांड, मनात ठेवा. विचारा: घोळणा फुटतो का, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला का, अंगावर उगाच काळेनिळे डाग येतात का, आईला बाळंतपणात खूप गेलं होतं का. उत्तरं ‘हो’ आली तर पोटदुखीला आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका, दोन्हींनी प्लेटलेटचं काम मंदावतं. पॅरासिटॅमॉल द्या आणि चिठ्ठीत हा संशय स्पष्ट लिहा.

हिमोग्लोबिन घेताना बोट पिळू नका. पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. आणि कालपासून भरपूर जात असेल तर आजचा ११ पाहून निर्धास्त होऊ नका, ताज्या रक्तस्रावात आकडा उशिरा उतरतो. नाडी झोपवून मोजा, मग उभं करून. ३० ने वाढली किंवा घेरी आली तर ती आजच पुढे जायला हवी.

हिमोग्लोबिन ८ ते ११.९ असेल तर अ‍ॅनिमिया मुक्त भारत या सरकारी कार्यक्रमाच्या सूचनेप्रमाणे ६० मिग्रॅ लोहाच्या दोन गोळ्या रोज, जेवणानंतर, तीन महिने. आठवड्याची एक निळी गोळी प्रतिबंधासाठी आहे, उपचारासाठी नाही. इथे सर्रास गल्लत होते. शौचाला काळं होईल हे आधीच सांगा, नाहीतर गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद होतात. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. महिन्याने १ ग्रॅमनेही वाढलं नाही तर पुढे पाठवा. ८ च्या खाली असेल तर महिना थांबूच नका.

प्राजक्त
चाळिशीपुढच्या बाईला आधी तारखा विचारा. पाळी जायच्या काळात अंतर मागेपुढे होतं, मधे दोन-दोन महिने येत नाही. हे अपेक्षित आहे. पण सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी ती ‘पाळी परत आली’ असं नसतं. तिला सोनोग्राफीला पाठवायचंच. गर्भाशयाचं अस्तर ४ मिमीपेक्षा जाड निघालं तर तुकडा तपासावा लागतो. बायका हे सहसा आपणहून सांगत नाहीत, त्यामुळे बीपी-शुगरच्या दिवशी आलेल्या प्रत्येकीला थेट विचारा: “पाळी गेल्यावर कधी लाल डाग दिसला का?” ‘अंगावरून जातं’ एवढ्यावर थांबू नका, त्यात पांढरंही येतं आणि लालही.

तांबी कधी बसवली हे हमखास विसरलेलं असतं. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षांची, आणि तिने रक्तस्राव वाढतो. गर्भनिरोधक अंतरा इंजेक्शन चालू आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत का, थायरॉइड आहे का, हेही लिहा. संबंधानंतर रक्त येत असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी आधी. ३० ते ६५ वयाला व्हीआयए (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची तपासणी) आपल्याकडे तसंही करायचंच असतं.

आणि एक कळकळीने. यातल्या कितीतरी बायकांना ‘पिशवी काढून टाका’, म्हणजे गर्भाशयच काढा, असा सल्ला आधीच मिळालेला असतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. पिशवीबरोबर अंडाशयही काढली तर पाळी एका दिवसात जाते, अंगातून गरम वाफा त्याच आठवड्यात सुरू होतात आणि हाडं लवकर झिजायला लागतात. तुमच्या चिठ्ठीत मोजमाप असेल तर तिला आधी औषधांचा विचार मिळतो.

शेवंती
पदर मोजायची रीत लगेच वापरता येईल. निश्चय किटने गरोदरपणाची चाचणी प्रत्येकीची करायची का?

कण्हेर
पाळी येऊ शकते अशा प्रत्येकीची, तांबी असो वा नसबंदी झालेली असो. गर्भनलिकेत रुजलेला गर्भ असाच ‘थोडं थोडं जातंय’ म्हणून येतो. मुलीला आईपासून बाजूला घेऊन विचारा आणि चाचणी कशासाठी ते आधी सांगा. १८ च्या आतली असून पॉझिटिव्ह आली तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे, वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच क्षणी फोन करा.

निर्गुडी
चिठ्ठीचा नमुना देते, तसाच उतरवा: “वय १३, पहिली पाळी ५ महिन्यांपूर्वी. आज अकरावा दिवस. चार पदरी घडी, दिवसाला ६, त्यातल्या ४ आरपार. रात्री दोनदा उठते. दहाच्या नाण्याएवढ्या गाठी ३. घोळणा फुटतो. नाडी झोपून ९२, उभी १२६. हिमोग्लोबिन ८.४. निश्चय निगेटिव्ह. पॅरासिटॅमॉलशिवाय काही दिलेलं नाही.” सोबत आशाताईंना पाठवा, आणि दर तासाला एक घडी चिंब होत असेल तर एसटीची वाट न पाहता १०८ बोलवा.