माकड टोळीत ‘सोडायचे’, ‘मिसळायचे’ की ‘रुळवायचे’?

फोंडेकर: पिंजरे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी सूचनापत्रिका मराठीत लिहितो आहे. नवे माकड जुन्या टोळीत आणण्याला इंग्रजीत ‘इंट्रोडक्शन’ म्हणतात. ‘ओळख करून देणे’ लिहिले तर एका भेटीत उरकल्यासारखे वाटते. टप्पे असे: किमान ३० दिवस विलगीकरण आणि क्षयाची चाचणी, दुरून नजरभेट, जाळीआडून स्पर्श, मग देखरेखीखाली दिवसा एकत्र. एकच शब्द हवा.

सत्तरीकर: ‘टोळीत सोडणे’. सगळे तेच बोलतात.

म्हापसेकर: नको हो! ‘सोडणे’ वाचून कोणी थेट दार उघडेल. ‘रुळवणे’ घ्या, त्यात वेळ आला.

सत्तरीकर: रुळते ते नवे माकड. इथे सगळ्या टोळीची उतरंड हलते. आपल्याकडे गोव्यात खेती म्हणतात त्या लाल तोंडाच्या माकडांत माद्या जन्मटोळीतच राहतात, नर वयात येऊन बाहेर पडतात. म्हणून नवा नर खपतो, परकी प्रौढ मादी अवघड. तिची आधी खालच्या मानाच्या एखाद्या शांत मादीशी जोडी जमवायची. वरचढ मादीशी गाठ शेवटी.

डिचोलीकर: सिंधुदुर्गात खेतीला केलडी म्हणतात. केळ्यावरून आला असावा.

म्हापसेकर: आवाज जुळला म्हणून व्युत्पत्ती ठरत नाही, डिचोलीकर. पण पत्रिकेत खेती आणि वानर वेगळे लिहाच. वानरांत बाहेरून आलेला नर दूधपिती पिल्ले मारू शकतो. लेकुरवाळ्या माद्यांत त्याला घालू नये. नुसते ‘माकड’ लिहिले तर हा फरक बुडतो.

फोंडेकर: आणि ‘दात विचकणे’? आवाज न करता ओठ मागे ओढून दात दाखवणे ही खेतींची शरणागती. भुवया वर, नजर रोखलेली, तोंड उघडे, ही धमकी. मराठीत दोन्हीला विचकणेच म्हणतात.

डिचोलीकर: पहिल्याला ‘दात काढणे’.

म्हापसेकर: ते हसणे झाले!

सत्तरीकर: शब्द काहीही ठेवा, पाठलाग आणि हल्ला वेगळे लिहा. पाठलाग होणारच, उतरंड त्यातूनच ठरते. कोंडीचा कोपरा नको, दोन खोल्यांत दोन वाटा हव्यात, खाणे चार-पाच ठिकाणी विखुरलेले. खोल जखम झाली, अनेकींनी मिळून एकीला दाबून धरले किंवा ती खाण्यापर्यंत पोचतच नसेल, तर लगेच काढा. काढलेलीला जाळीशेजारीच ठेवा. लांब नेली तर पुन्हा नजरभेटीपासून सुरुवात.

फोंडेकर: हे सगळे घेतो. शीर्षक अजून कोरेच आहे.