मदत हवी आहे: विम्याच्या जाहिरातीतले हवामानाचे आकडे कसे तपासायचे?

घरविम्याच्या एका जाहिरातीत तीन वाक्यं आहेत: 'हवामान आपत्ती चाळीस वर्षांत पाचपट', 'नुकसानीचा नवा विक्रम', 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर आता कधीही'. हवामान बदल खरा आहे, त्यावर वाद नाही. पण पॉलिसी घेताना या आकड्यांवर किती विसंबायचं?

प्रतिसाद १
'पाचपट' म्हणजे कशाच्या पाचपट, ते आधी विचारा. जगभरच्या आपत्तींची ईएम-डॅट ही नोंद १९८८ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या घटना मागाहून भरल्या आहेत. २००० पूर्वीच्या नोंदी अपुऱ्या असल्याचा इशारा तिथेच दिलेला असतो. म्हणजे चढत्या आलेखात घटनांसोबत नोंदणीही वाढलेली असते.
हवामानाचा स्वतःचा आकडा वेगळा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरील समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, १८५०–१९०० च्या काळात दहा वर्षांतून एकदा पडणारा एका दिवसाचा अतिमुसळधार पाऊस आता सुमारे १.३ पट वेळा पडतो, तशीच तीव्र उष्णता २.८ पट वेळा येते. धोका गंभीरच आहे, पण पावसाचा, उष्णतेचा आणि वादळाचा आकडा एकच नसतो. जाहिरात तिन्ही एकाच 'पाचपट'मध्ये बसवते, हीच खरी फसवणूक.

प्रतिसाद २
विक्रमी नुकसानीबद्दल: महागाई वजा केली तरी काम संपत नाही. अमेरिकेच्या नोआ या सरकारी हवामान संस्थेची अब्ज डॉलरच्या आपत्तींची १९८० ते २०२४ ची यादी महागाईनुसार जुळवलेली आहे, पण किनाऱ्यावर आणि नदीकाठी वाढलेली बांधकामं त्यातून वजा केलेली नाहीत. तेच वादळ, दुप्पट घरं, की नुकसान दुप्पट. या यादीतून तुमच्या एका घराचा धोका निघत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
आणि शंभर वर्षांचा पूर?

प्रतिसाद ३
त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. म्हणजे एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९. असे तीस ०.९९ एकमेकांना गुणले तर ०.७४ येतं, म्हणजे ३० वर्षांत निदान एकदा पूर येण्याची शक्यता २६ टक्के. त्यामुळे 'कधीही' हे खोटं नाही, पण ते आधीही खरंच होतं. त्यातला 'आता' हा शब्द तपासा: तो १ टक्का वाढून किती झाला, आणि कोणत्या नदीसाठी? उत्तर नसेल तर ते वाक्य सोडून द्या.

प्रतिसाद १
मग पॉलिसीची प्रत मागवा. 'पूर' आणि 'वादळ' यांची व्याख्या वाचा. काही पॉलिसींत वाऱ्याचा किमान वेग दिलेला असतो. जमिनीतून झिरपलेलं किंवा गटारातून उलटं आलेलं पाणी वगळलंय का, तेही बघा. विमा रक्कम कमी धरू नका: १०० किमतीच्या घराचा ६० चाच विमा असेल आणि प्रमाणशीर कपातीचं कलम असेल, तर २० च्या नुकसानीवर १२ च मिळतात. दाव्यामागे स्वतः सोसायची रक्कम त्यातूनही वजा होते.