बसने केली तर ती नर्मदा परिक्रमा म्हणायची का?

पायवाट
ओळखीचे एक काका-काकू नर्मदा परिक्रमा करून आले. सोळा दिवस, एसी बस. काल त्यांच्या मावंद्याला जेवून आलो, दोघांच्या पाया पडलो. काका भरभरून बोलत होते, पण सगळं देवळांचं आणि घाटांचं. ओंकारेश्वर, महेश्वर, अमरकंटक. मधली नदी कुठे गेली, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. मावंद्याचं जेवण पोटात असताना धीर झाला नाही, म्हणून इथे लिहितो.

इतर क्षेत्रांत प्रदक्षिणा देवाला आणि नदीत फक्त आंघोळ. इथे नदी हाच देव, म्हणून प्रदक्षिणा तिलाच. ती कायम उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही. उगम ते समुद्र १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून अडीच हजारांच्या वर. जुना नेम तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा, चातुर्मासात एका जागी मुक्काम. खिशात पैसे नाहीत, रात्री कुठे पडायचं ठाऊक नाही, आणि कुणीतरी अनोळखी माणूस 'नर्मदे हर' म्हणत शिधा पुढे करतो. तो घ्यायला हात पसरावा लागतो. माझ्या मते सगळी साधना त्या हात पसरण्यात आहे. जेवणासकट तिकीट काढलेल्यावर ती वेळच येत नाही.

मी स्वतः ओंकारेश्वरपासून दीड महिना चाललो. पुढे गुडघ्याने दगा दिला.

कुपीतलं पाणी
साफ असहमत. गुडघ्याने दगा दिल्यावर घरी कशाने आलात? बसनेच ना?

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिने बसनेच केली. पुराणांत सांगितलंय की सरस्वती तीन दिवसांत पावन करते, यमुना सात दिवसांत, गंगा स्नान करताच आणि नर्मदा नुसत्या दर्शनाने. जी नुसतं पाहिल्यावर पावते, तिच्या दारात पायाचे फोड मोजायला आपण कोण? आणि पायी जाणारेसुद्धा मुखापाशी विमलेश्वरहून मिठीतलाईला बोटीनेच जातात. तेवढं वाहन चालतं, बस मात्र चालत नाही?

पायवाट
बोट समुद्रातून जाते, ती नदी न ओलांडता पलीकडच्या तटाला लागावं म्हणून. नेम पाळायला वाहन घेणं वेगळं आणि नेम टाळायला घेणं वेगळं. आईंना नमस्कार सांगा. माझा रोख त्यांच्यावर नाही, 'परिक्रमा' हा शब्द स्वस्त होण्यावर आहे.

सातपुड्याचा
दोघेही अशा काठावर भांडताय जो कित्येक ठिकाणी उरलेलाच नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना अंगावरच्या कपड्यांपर्यंत लुटायचे, लुटणाऱ्या भिल्लांना 'मामा' म्हणायचे, आणि मैयाच आपला मोह काढून घेते म्हणून लुटले गेलेले हात जोडायचे. त्या झाडीतला जुना मार्ग सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला. धरणाची उंची आता १३८.६८ मीटर. मणिबेलीसारखी गावं बुडाली, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही बुडालं. आज पायी जाणाराही लांबून, बराचसा डांबरी रस्त्यानेच वळसा घालतो. नदी त्यालाही दिवसचे दिवस दिसत नाही. मग बसवाल्या काकांनाच का धरता?

आणि ज्यांच्या हातचा शिधा खाऊन तुमची साधना होते, त्यातली किती घरं धरणात उठली, हे कुणाच्या परिक्रमेत येत नाही. हे जरा तिखट झालं, पण राहू दे.

पायवाट
तिखट लागलं आणि पटलंही. तरी बुडालेल्या वाटेला वळसा घालून चालणारा नदीलाच धरून असतो, असं मला वाटतं.

खवचट
मी नास्तिक, त्यामुळे माझा प्रश्न फक्त हिशेबाचा. नर्मदा ओलांडली की परिक्रमा मोडते, बरोबर? सरदार सरोवराचा मुख्य कालवा उत्तर तटावरून निघतो आणि गुजरात पार करून राजस्थानात शिरतो. त्यात पाणी नर्मदेचंच. उत्तर तटाने चालणाऱ्याला तो ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. मग मोडली का सगळ्यांचीच?

पुढचं ऐका. २०१४ पासून नर्मदेचं पाणी पंपाने उचलून क्षिप्रेत सोडतात. २०१६ च्या सिंहस्थात उज्जैनला लोकांनी डुबकी मारली ती बरीचशी नर्मदेत. पुण्य कुणाच्या खात्यात?

कुपीतलं पाणी
नास्तिक असून पुण्याचा हिशेब तुम्हीच नेटका ठेवता! :) उत्तर साधं आहे. क्षिप्रेत उतरताना जिचं नाव घेतलं, तिच्या खात्यात. पूजेच्या तांब्यात नळाचंच पाणी असतं, तरी 'गंगे च यमुने चैव' म्हणतोच की आपण.

पायवाट
कालव्याचा प्रश्न मी वाटेत एका आश्रमात विचारला होता. तिथले बुवा हसले. म्हणाले, आईच्या ओटीतलं पाणी आणि आईने शेजारणीला दिलेलं पाणी एकच का? मला तेव्हा पटलं होतं. आज 'सातपुड्याचा' यांचं वाचून 'दिलेलं' हा शब्द खटकतोय. दिलं कुणी आणि घेतलं कुणी?

सातपुड्याचा
हेच म्हणत होतो.

पायवाट
शेवटी राहवलं नाही. आज काकांना फोन करून विचारलंच की मधली नदी कुठे होती. काका म्हणाले, "मला झोप लागायची रे, हिला विचार." काकू फोनवर आल्या. त्या सोळाही दिवस बसच्या उजव्या खिडकीपाशी बसल्या होत्या. बाहेर नदी असो, उसाचं शेत असो की नुसता ढाबा, मैया उजवीकडेच आहे म्हणून. जागेवरून दोनदा भांडणही झालं म्हणे.

खवचट
आणि डावीकडे बसलेल्यांची परिक्रमा?

कुपीतलं पाणी
आई डावीकडेच होती. आत्ता हे वाचून दाखवलं तर म्हणते, "त्या उजवीकडच्या बाईने मला एक दिवस तरी जागा द्यायची होती."